सिकलसेलचं दुखणं आणि ‘नाटक करतो’ हा शेरा

विदर्भात, मेळघाटात, नंदुरबार-धुळ्यात आणि पालघरच्या पाड्यांवर ‘एसएस पॅटर्न’ म्हणजे सिकलसेलचा आजार, हे आता बऱ्याच घरांत माहीत आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. पण या आजारासोबत वर्षानुवर्षं राहताना मनाचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही, आणि मग ऐकीव समजुतींवर घर चालतं.

गैरसमज : काल पोरगा क्रिकेट खेळत होता, आज कण्हतोय. शाळा बुडवायची नाटकं!

सिकलसेलचं दुखणं असंच येतं. ऑक्सिजन सोडल्यावर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या हाडाला रक्त पोहोचत नाही आणि हाड ठणकू लागतं. थंडी, कमी पाणी पिणं, ताप, अतिश्रम यांपैकी काहीही निमित्त पुरतं. कधी निमित्त सापडतही नाही. मोठ्या माणसांत सूज अनेकदा नसते, एक्स-रेत काही दिसत नाही, हिमोग्लोबिनही नेहमीएवढंच असू शकतं. दुखण्याचा हा झटका सिद्ध करणारी एकही तपासणी नाही. रुग्ण सांगतो तेच माप धरायचं, हा वैद्यकातला नियम आहे.

एकदा ‘नाटकी’ ठरलेलं मूल पुढच्या वेळी सांगतच नाही. सोसत बसतं, दवाखान्यात उशिरा पोहोचतं. दवाखान्यातही ‘इंजेक्शनची सवय लागलीय याला’ हे ऐकावं लागतं. तीव्र झटक्यात मॉर्फिनसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देणं हा मान्य उपचार आहे, आणि दुखतंय म्हणून औषध मागणारा व्यसनी नसतो. माझ्या मते या आजारात माणसाला सगळ्यात एकटं पाडतो तो हा संशय.

गैरसमज : मन खंबीर ठेवलं की दुखत नाही.

हे ऐकून रुग्णाला दुखण्यासोबत अपराधीपणही मिळतं. मनाचा संबंध आहे, पण तो वेगळा. ताणामुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. दुखण्याने झोप मोडते आणि झोप मोडली की दुखणं वाढतं. सिकलसेलच्या रुग्णांत नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळतात. दोन झटक्यांच्या मधले चांगले दिवसही पुढच्या झटक्याच्या धास्तीत जातात: सहलीला जावं का, पोलीस भरतीचं स्वप्न सोडावं का, लग्नाचं सांगावं कसं. यावर समुपदेशनाचा आणि औषधांचा उपयोग होतो.

धास्ती कमी करणारी गोष्ट साधी आहे: झटका यायच्या आधीच ठरवून ठेवणं. कोणती गोळी आधी, रात्री गाडी कोणाची, कोणतं रुग्णालय, सोबत कोण. दप्तरात पाण्याची बाटली, थंडीत स्वेटर. दुखू लागलं की गरम शेक, संथ श्वास, आवडीची गाणी. बर्फ मात्र लावायचा नाही. हे सगळं गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे. ताप, छातीत दुखणं, धाप किंवा एका बाजूचा अशक्तपणा असेल तर घरी थांबूच नये.

आणि हो, ‘बरं वाटतंय, मग रोज गोळी कशाला?’ हायड्रॉक्सीयुरियाने झटके कमी होतात, म्हणूनच बरं वाटत असतं. डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नये.

गैरसमज : हा रोग आईकडून आला.

एसएस मूल होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही दोषी जनुक यावं लागतं. दोघंही वाहक (एकच दोषी जनुक असलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता 25 टक्के असते. तरी बोलणी सुनेला, आणि दवाखान्याच्या फेऱ्याही तिलाच. हा आजार शिवण्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही, हे तर सांगायलाही नको. पण सांगावं लागतं.

वयात येणाऱ्या मुलांचं दुःख याहून मुकं असतं. उंची कमी, पाळी उशिरा, डोळे पिवळे. वर्गात टोपणनावं पडतात. मुलग्यांमध्ये लिंगाला वेदनादायक ताठरता येऊन ती टिकू शकते. लाजेपायी ते लपवतात. चार तासांपेक्षा जास्त टिकली तर ती तातडीची वैद्यकीय स्थिती असते, हे घरातल्या कुणीतरी आधीच सांगून ठेवायला हवं.

गैरसमज : अशा मुलांना शिकवून काय उपयोग?

नियमित उपचार घेणारी कितीतरी मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. अभ्यासात अचानक मागे पडलेल्या मुलाला मात्र आळशी म्हणू नये. मेंदूला लक्षणांशिवायही इजा झालेली असू शकते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, आणि परीक्षेतल्या सवलतींसाठी शाळेत.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा दुखण्याबरोबर झोपेबद्दल आणि मनःस्थितीबद्दलही डॉक्टरांना सांगा. तोवर बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.