लेखाला रूप द्यावे ते नावाने

संकेतस्थळावरच्या शंभर लेखांत एखादीच कविता असेल, तर तिची मांडणी वेगळी हवी. हाताशी असलेला उपाय म्हणजे रंग, आकार, अंतर सारे त्या मजकुरातच लिहून टाकणे. १९९०च्या दशकात फॉन्ट टॅग वापरून सर्रास हेच चाले, आणि रंग बदलायचा तर एकेक पान उघडावे लागे. हाकोन विउम ली यांनी १९९४ साली पानांचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेचा प्रस्ताव मांडला तो मजकूर आणि रूप वेगळे ठेवण्यासाठी. या दोहोंना जोडतो तो क्लास, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला दिलेले नाव. माझ्या मते हे नाव रूपावरून नव्हे, अर्थावरून ठेवावे आणि ते कोडने द्यावे. आज ‘लालचौकट’ म्हटलेली चौकट उद्या निळी झाली की नावच खोटे पडते. ‘कविता’ मात्र कविताच राहते.

संकेतस्थळ चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीत २००८पासून ‘पोस्ट क्लास’ हे फंक्शन प्रत्येक लेखाला त्याच्या वर्गावरून (कॅटेगरी) क्लास देते. पण मराठीची इथे पंचाईत होते. सीएसएसला देवनागरी नावे चालतात. वर्डप्रेस मात्र क्लासच्या नावातून रोमन अक्षरे, अंक आणि दोन प्रकारच्या रेघा सोडून बाकी सारे गाळते. वर्गाचा स्लग, म्हणजे पत्त्यात वापरले जाणारे त्याचे नाव, देवनागरीत असेल तर काहीच उरत नाही, आणि नावाऐवजी त्या वर्गाचा डेटाबेसमधला क्रमांक चिकटतो. संकेतस्थळ दुसरीकडे आयात केले की हा क्रमांक बदलू शकतो आणि त्यावर बेतलेली सजावट गळून पडते. उपाय चार ओळींचा आहे: ‘पोस्ट क्लास’ याच नावाच्या फिल्टरमध्ये, म्हणजे वर्डप्रेसची यादी बदलू देणाऱ्या जोडणीत, क्लासची यादी घ्यायची, लेख कवितेच्या वर्गातला आहे का ते तपासायचे, आपले नाव जोडायचे आणि यादी परत करायची. ही शेवटची पायरी राहिली तर आधीचे क्लासही जातात.

एका लेखासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण मजकुरात थेट लिहिलेली शैली स्टाइलशीटच्या साध्या नियमांवर मात करते, आणि तिच्यात पडद्याच्या रुंदीनुसार किंवा डार्क मोडनुसार बदलणारा ‘मीडिया’ नियम घालता येत नाही. काळी म्हणून रंगवलेली अक्षरे काळ्या पार्श्वभूमीवर दिसेनाशी होतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: टेलविंड या सीएसएस फ्रेमवर्कसारख्या पद्धतीत क्लास रूपावरूनच ठरतात आणि ती चांगली चालते. खरे आहे, पण तिथे साचा एका जागी असतो, तो बदलला की सगळीकडे बदल होतो. लेखाचा मजकूर डेटाबेसमध्ये वर्षानुवर्षे पडून असतो आणि त्यावरून कितीतरी थीम येऊन जातात. म्हणून तिथे टिकणारे नाव हवे: नवा वर्ग उघडताना त्याचे नाव खुशाल मराठीत ठेवा, स्लग मात्र रोमन अक्षरांत स्वतः भरा.