कैरोहून ॲम्हर्स्टला गेलेली एक विद्यार्थिनी

रदवा आशूर हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर नाही, म्हणून ही पोस्ट. कैरोच्या या बाई 1973 मध्ये पीएच.डी.साठी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्टला गेल्या. विषय घेतला आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा. इजिप्तमधून आलेल्या मुलीने शेक्सपिअर सोडून हा विषय घ्यावा, यातच त्यांची नजर कळते! त्या तिथे पोचतात न पोचतात तोच ऑक्टोबरमध्ये मायदेशी युद्ध पेटलं. 1975 मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या. त्या दिवसांवरचं त्यांचं ‘अर-रिहला’, म्हणजे ‘प्रवास’, हे पुस्तक 1983 मध्ये अरबीत आलं.

मला राहून राहून पंडिता रमाबाई आठवतात. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि 1889 मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक त्यांनी मराठीत दिलं. तिथल्या शाळांचं, बायकांच्या संस्थांचं त्यात भरभरून कौतुक आहे. पण टोपीवर मिरवायला पाखरं मारण्याची फॅशन त्यांना सहन झाली नाही, आणि रंगावरून होणारा भेदभावही त्यांनी झाकला नाही.

रदवाबाईंचं पुस्तक 2018 मध्ये इंग्रजीत आलंय. जरूर मिळवून वाचा. अरबी जाणणारं कुणी इथे असेल तर ते थेट मराठीत आणण्याचं मनावर घ्या ना!