ठिबकासारखी गोळी

माझ्या बहिणीचा नातू आठ वर्षांचा आहे. वर्गात पाच मिनिटं एका जागी बसत नसे. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर द्यायचा, दप्तर कुठं टाकलं ते विसरायचा. कुणी म्हणे द्वाड आहे, कुणी म्हणे नजर लागली. गळ्यात तावीज आला. कवी म्हणवणाऱ्या मीही त्याच्या पाठीत धपाटे घातले. त्याची लाज अजून वाटते.

डॉक्टरांनी सांगितलं, हा खोडकरपणा नव्हे, एडीएचडी नावाचा विकार आहे. लक्ष टिकत नाही, अंगातली चंचलता आवरत नाही. मेंदूचा लगाम थोडा ढिला असतो, एवढंच.

यावरचं एक जुनं औषध म्हणजे मिथिलफेनिडेट. १९४४ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी ते तयार केलं. औषध उत्तेजक आहे. मग आधीच उड्या मारणाऱ्या मुलाला ते कशासाठी? कारण त्यानं डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन ही रसायनं मेंदूत अधिक वेळ कामाला येतात आणि लगाम घट्ट होतो.

साध्या गोळीचा असर तीन-चार तासांत ओसरतो. दुपारची गोळी शाळेत कोण देणार? म्हणून सावकाश सुटणारी गोळी आली. आपल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. साधी गोळी म्हणजे पाटाचं पाणी, ही म्हणजे ठिबक. सकाळी एक घेतली की प्रकारानुसार आठ ते बारा तास औषध थोडं थोडं झिरपतं. एका प्रकारात तर गोळीत पाणी शिरून आतला थर फुगतो आणि बारीक छिद्रातून औषध बाहेर ढकलतो. म्हणून अशी गोळी चावायची नाही, कुटायची नाही. ठिबकची नळीच फोडल्यासारखं होईल.

भूक मंदावते, झोप उशिरा लागते. म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब तपासत राहावं लागतं. हृदयाचा आजार असेल तर आधी सांगावं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली हे औषध येतं. चिठ्ठीशिवाय मिळत नाही, मिळूही नये.

आता आपल्या बीडचं. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, लेकरंही जातात. कोपीवर झोपमोड, अर्धवट शाळा. असं लेकरू वर्गात चुळबुळणारच. त्याला गोळी नको; शाळा, झोप आणि पोटभर भाकर हवी. खऱ्या विकाराची लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू होतात, सहा महिन्यांहून अधिक टिकतात आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसतात. हा फरक मनोविकारतज्ज्ञच ठरवू शकतो. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. ज्याचं औषध चालू आहे त्याच्या आईबापांनी मात्र कोयता उचलण्याआधी डॉक्टरांना भेटून पुढची सोय विचारावी. मनानं बंद करू नये.

गोळीबरोबर घराचं वागणंही बदलावं लागतं. एका वेळी एकच काम सांगायचं, जमलं की शाबासकी द्यायची. परवा आमच्या नातवानं मला धड्यातली गोष्ट शेवटपर्यंत वाचून दाखवली. मध्ये दोनदा उठला. मी काही बोललो नाही.