तोच विषाणू, वेगळी खोली

एप्रिल २०२० मध्ये अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि पाठोपाठ मे महिन्यात संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात कोरोना विषाणूची आरटी-पीसीआर तपासणी सुरू झाली, आणि तोवर नागपूरकडे रवाना करावे लागणारे घशातील स्रावाचे नमुने वऱ्हाडातच तपासले जाऊ लागले. अशा तपासणीसाठी जैवसुरक्षेचा दुसरा स्तर, म्हणजे ‘बीएसएल-२’, पुरेसा मानला गेला होता. त्याच काळात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत हाच विषाणू पेशींवर जिवंत वाढवला जात होता आणि त्या कामासाठी मात्र तिसऱ्या स्तराची प्रयोगशाळा आवश्यक होती. विषाणू एकच असताना अमरावतीला एक स्तर आणि पुण्याला वेगळा, हा पंक्तिभेद नसून जैवसुरक्षेच्या साऱ्या विचाराचे मर्म त्यातच आहे.

आरटी-पीसीआर तपासणीत नमुन्याची नळी उघडल्यावर त्यातील द्रव ज्या रसायनात मिसळला जातो, ते विषाणूचे आवरण फोडून टाकते. त्यानंतर हाती उरतो तो केवळ त्याचा आरएनए, ज्याच्यापासून या कामात संसर्गाचा धोका राहत नाही. धोका असतो तो नळी उघडण्यापासून रसायनात मिसळण्यापर्यंतच्या काही मिनिटांत, आणि तेवढे काम जैवसुरक्षा कक्षात, म्हणजे हवेचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या काचेच्या बंदिस्त कपाटात, उरकले जाते. याउलट विषाणू वाढवताना एका कुपीत त्याच्या कोट्यवधी प्रती तयार होतात. क्षयाच्या जंतूचेही तसेच आहे. थुंकीचा पातळ थर काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम खेळती हवा असलेल्या साध्या खोलीत ग्रामीण रुग्णालयांतही होते. पण तोच जंतू माध्यमावर वाढवून कोणते औषध त्याला लागू पडते हे पाहायचे, तर तिसऱ्या स्तराची व्यवस्था लागते. स्तर ठरतो तो जंतूच्या स्वभावावर आणि त्याच्यासोबत केल्या जाणाऱ्या कामावर, इमारतीच्या दिमाखावर नव्हे.

असे एकूण चार स्तर मानले जातात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ज्यांवर काम चालते ते रायझोबियम जिवाणू किंवा ट्रायकोडर्मा बुरशी निरोगी माणसाला सहसा अपाय करीत नाहीत, म्हणून त्यांना पहिला स्तर पुरतो. विषमज्वर, कावीळ-ब, डेंग्यू यांच्या तपासणीचे नित्याचे काम दुसऱ्या स्तरात येते, आणि जिल्ह्याच्या ठिकाणची बहुतेक निदान-प्रयोगशाळा याच वर्गात मोडतात. श्वासावाटे शिरून गंभीर आजार घडवू शकणाऱ्या जंतूंच्या वाढीव कामासाठी तिसरा स्तर असून तेथे खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी राखला जातो, जेणेकरून दार उघडले तरी हवा आत जाईल, बाहेर येणार नाही. चौथा स्तर ज्यांवर खात्रीचा उपाय नाही अशा घातक विषाणूंसाठी असतो. देशातील अशी पहिली प्रयोगशाळा २०१२ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये केरळमधील निपाहच्या निदानावर याच संस्थेने शिक्कामोर्तब केले.

ही काळजी अनुभवातून आलेली आहे. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडतापाचा विषाणू सापडला, तो पुण्याच्या याच संस्थेच्या, त्या वेळच्या विषाणू संशोधन केंद्राच्या, शास्त्रज्ञांनी शोधला, आणि त्यावर काम करणाऱ्या काहींना प्रयोगशाळेतच त्याची लागण झाली. अमेरिकेतील संशोधक पाइक यांनी १९७६ मध्ये प्रयोगशाळेतून झालेल्या ३,९२१ संसर्गांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांपैकी २० टक्क्यांहूनही कमी घटनांमागे सुई टोचणे, नळी फुटणे यांसारखा ठाऊक असलेला अपघात होता. उरलेल्यांना जंतू कधी आणि कसा लागला, हे त्यांनाही सांगता आले नाही.

या न सांगता येणाऱ्या संसर्गांमागे बऱ्याचदा डोळ्यांना न दिसणारे तुषार असल्याचे मानले जाते. थुंकी लागलेली तारेची लूप एकदम ज्योतीत धरली तर ती तडतडते आणि जिवंत जंतूंचे कण हवेत उडतात. वेगाने फिरवलेल्या नळीचे झाकण लगेच उघडले, किंवा मायक्रोपिपेटमधला शेवटचा थेंब जोराने फुंकला, तरी तेच घडते. म्हणूनच लूप आधी ज्योतीच्या कडेला वाळवायची, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फुटल्याची शंका आल्यास झाकण अर्धा तास उघडायचे नाही, आणि तोंडाने पिपेट ओढण्याची जुनी सवय कोणत्याही जंतूच्या बाबतीत खपवून घ्यायची नाही, असे संकेत रूढ झाले.

येथे एका गल्लतीकडे लक्ष वेधणे भाग आहे, कारण ती बऱ्याच महाविद्यालयांत आढळते. ‘लॅमिनार फ्लो’ नावाचे टेबल आणि जैवसुरक्षा कक्ष ही दोन्ही उपकरणे दिसायला जवळपास सारखी असली, तरी त्यांचा हेतू भिन्न आहे. पहिल्यात गाळलेली स्वच्छ हवा नमुन्यावरून काम करणाऱ्याच्या तोंडाकडे येते. वनस्पतींच्या ऊतिसंवर्धनासाठी ते उत्तम, पण रोगजंतूंसाठी ते वापरणे म्हणजे जंतू स्वतःच्या अंगावर फुंकून घेणे होय. दुसऱ्यात समोरून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा पडदा कामगाराचे रक्षण करतो आणि बाहेर सोडली जाणारी हवा ०.३ मायक्रॉन आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या हेपा गाळणीतून जाते. हा पडदा फार नाजूक असतो. पंखा, उघडी खिडकी, पाठीमागून झपाट्याने गेलेला माणूस यांपैकी कशानेही तो फाटतो. पारा ४५ अंशांपल्याड जाणाऱ्या वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पीपीई किट घालून काम करणाऱ्या तंत्रज्ञाला कूलर हवासा वाटणे स्वाभाविक आहे; परंतु कूलर बाहेरची हवा दाबाने खोलीत ढकलतो, म्हणजे जैवसुरक्षेला हवे असते त्याच्या नेमके उलट करतो, शिवाय ओलाव्याने बुरशीला आमंत्रण देतो. वऱ्हाडात प्रयोगशाळा उभारताना वातानुकूलन ही चैन मानून अंदाजपत्रकातून खोडली जाऊ नये, ती यासाठी.

उष्णतेचा दुसरा फटका जंतुनाशक द्रावणाला बसतो. सांडलेल्या नमुन्यावर कापड टाकून कडेकडून मध्याकडे जे सोडियम हायपोक्लोराइट ओतले जाते, त्यातील क्लोरीन ऊन आणि उष्णता यांमुळे झपाट्याने घटते. त्यामुळे पत्र्याच्या कोठीत पडून राहिलेल्या कॅनवर छापलेले प्रमाण आत शिल्लक असेलच असे नाही, आणि पातळ केलेले द्रावण रोजच्या रोज ताजे बनवावे लागते. दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हची कथाही याहून निराळी नाही. सर्वसाधारण निर्जंतुकीकरणासाठी १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि १५ पौंड दाब किमान १५ मिनिटे टिकावा लागतो, तर साध्या ऑटोक्लेव्हमध्ये जैववैद्यकीय कचऱ्यासाठी त्याच तापमानाला व दाबाला नियमांनी ६० मिनिटे ठरवून दिली आहेत. मधेच वीज गेली तर ती मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजायची असतात, शिल्लक राहिलेली नव्हे. पिशव्या गच्च भरून तोंड आवळून बांधल्यास वाफ आत शिरत नाही आणि काटा १२१ दाखवत असतानाही मधल्या पेट्री डिशमधले जंतू जिवंत राहतात. ते खरोखर मेले की नाही, हे पाहण्यासाठी उष्णतेला दाद न देणाऱ्या जिओबॅसिलस जिवाणूच्या बीजाणूंची चाचणी असते.

धारणी-चिखलदऱ्याकडून घाट उतरून अमरावतीला येणाऱ्या नमुन्यांसाठी तिहेरी वेष्टनाचा संकेत आहे: घट्ट झाकणाची नळी, तिच्याभोवती सगळा द्रव शोषून घेईल इतके शोषक आणि गळती न होणारा डबा, आणि त्यावर धक्के सोसणारी बाहेरची पेटी. मागणीपत्रक नळीला गुंडाळायचे नसते. ते बाहेरच्या पेटीलगत स्वतंत्र ठेवायचे असते, अन्यथा नळी गळाल्यास पहिला संसर्ग कागद हाताळणाऱ्या कारकुनाला होईल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये काढलेल्या आपल्या जैवसुरक्षा पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत स्तरांच्या आकड्यांना चिकटून राहण्याऐवजी प्रत्येक कामाची जोखीम आधी तोलावी, असा आग्रह धरला. वऱ्हाडातील महाविद्यालयांना तो अधिक मानवणारा आहे, कारण दाराबाहेर ‘बीएसएल-२’ची पाटी लावणे सोपे असते आणि आत ऑटोक्लेव्हच्या नोंदवहीत दर खेपेला वेळ, तापमान व सही लिहिणे कंटाळवाणे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनुसार सूक्ष्मजीवशास्त्रीय कचरा प्रयोगशाळेतच निर्जंतुक करून मग बाहेर देणे बंधनकारक आहे. तेव्हा ज्या विभागात ही नोंदवही नाही, त्याने पुढील अनुदानातून नवे पीसीआर यंत्र मागण्याआधी ती सुरू करावी.