दशावतार छाटताना काय राखावे?
पेडणे-डिचोलीच्या जत्रांत रंगणारा दशावतार लिखित संहितेविना उभा राहतो: आख्यान ठरलेले, संवाद मात्र नट रंगमंचावरच रचतात. आधीचा आडदशावतार, म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, आता आखडतो आहे आणि ट्रिकसीन वाढताहेत. जुने जसेच्या तसे राखा, असे काही म्हणतील. पण प्रेक्षकाचा वेळ खरोखरच कमी झाला आहे. मग काय बदलावे आणि काय राखावे, हे एका वेगळ्याच खेळाकडून शिकता येते: ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या १९७४च्या अमेरिकी भूमिकाखेळाने २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत चिलखताच्या अंकांची उलटी मोजणी सरळ केली; खेळाडूने आयत्या वेळी बोलायचे, हे सोडले नाही. दशावताराचीही लांबी, प्रकाशयोजना खुशाल बदलावी. संवाद मात्र लिहून पाठ करून घेऊ नयेत. त्याने नटानटांतली शब्दांची झुंजच संपेल, आणि तिच्यासाठीच तर लोक रात्र जागवतात.