मानेसर : नाव कारखान्याचं, जमीन गावाची

मराठी घरांत मानेसर हे नाव शिरलं ते २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री. मुंबईत ताज, ओबेरॉय आणि नरीमन हाऊसमध्ये गोळीबार चालू होता आणि सगळे वाट बघत होते मानेसरहून निघालेल्या एनएसजी कमांडोंची. ते मानेसरहून पालम विमानतळापर्यंत बसने गेले. पुढचं आयएल-७६ विमान चंदीगडहून दिल्लीला यायचं होतं. मुंबई गाठेपर्यंत उजाडलं. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट त्या कामगिरीवरून परतले नाहीत. दोघांना अशोकचक्र मिळालं. पुढच्याच वर्षी मुंबईसह चार शहरांत एनएसजीचे तळ उघडले, आणि मानेसरची वाट बघायची पाळी आपल्यावर पुन्हा आली नाही. नावही मागे पडलं.

चार वर्षांनी ते पुन्हा वर आलं. १८ जुलै २०१२ला मारुतीच्या मानेसर कारखान्यात दंगल झाली, जाळपोळ झाली, मनुष्यबळ विभागाचे अधिकारी अवनीश कुमार देव मारले गेले आणि कारखाना महिनाभर बंद राहिला. कमांडो आणि मारुती, बाहेरच्या माणसाला मानेसर ठाऊक आहे ते एवढंच. या दोन्ही गोष्टी ज्याच्या जमिनीवर उभ्या राहिल्या ते गाव आजही तिथेच आहे, हे मलाही तिथे पाय ठेवीपर्यंत नीटसं उमगलं नव्हतं.

दिल्लीहून जयपूरच्या महामार्गाला लागलं, गुरुग्रामच्या काचेच्या इमारती मागे पडल्या, खेडकी दौला ओलांडलं की मानेसर येतं. येतं म्हणजे काय, तर पाट्या येतात. एका अंगाला अरवलीच्या बोडक्या टेकड्या आणि दुसऱ्या अंगाला आयएमटी, म्हणजे सरकारी नकाशावरची आदर्श औद्योगिक वसाहत. कंपन्यांची नावं, बाण, सेक्टरचे आकडे, सगळं आहे. गावाकडे जायचा रस्ता कोणता, हे मात्र पंक्चरवाल्याला विचारावं लागतं. त्यानेही मला उलट विचारलं, ‘कौन सी कंपनी?’ कंपनी नाही, गाव, असं म्हटल्यावर त्याने मला जरा निरखून पाहिलं.

इतिहास फार ताणत नाही. हा सगळा टापू अहिरवालचा, म्हणजे यादवबहुल पट्टा. १८५७त लढलेले रेवाडीचे राव तुलाराम इथले लाडके पुरुष. १९६२ साली रेझांग लाच्या लढाईत मेजर शैतानसिंह यांच्या हाताखाली लढलेली १३ कुमाऊँची तुकडी बहुतेक याच पट्ट्यातल्या पोरांची होती. मराठी वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. गुरुग्रामचा हा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस शिंद्यांच्या अमलाखाली होता. डिसेंबर १८०३च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दौलतराव शिंद्यांच्या हातून दिल्लीचा हा सगळा भवताल गेला. मानेसरजवळचं पतौडी संस्थान जन्माला आलं ते १८०४ साली, आणि तेही मराठ्यांविरुद्ध इंग्रजांना मदत केल्याचं बक्षीस म्हणून. पतौडीच्या राजवाड्यापुढे फोटो काढणाऱ्या आपल्या पर्यटकांना हे कुणी सांगत नाही. सांगितलं तरी फोटो काही थांबायचे नाहीत.

आता कारखाने. होंडाचा दुचाकींचा कारखाना २००१ साली सुरू झाला. मारुतीचा २००७ साली, सहाशे एकरांवर. त्यांच्यामागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले. वाहनांच्या चाचण्या घेणारी आयकॅट ही संस्था आली. पुण्यात एआरएआयचं जे काम, तेच हिचं इथे. टेकड्यांच्या बाजूला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे, २००३ साली राष्ट्रपती कलामांनी ते देशाला अर्पण केलं. सांगली जिल्ह्यातला, चाकणमध्ये सहा वर्षं काढून इथे आलेला एक इंजिनियर मला भेटला. म्हणाला, ‘सर, डोळे बांधून आणून सोडलंत तर पहिला तासभर चाकणच वाटेल. तोच धुरळा, तेच कंटेनर, तेच जेवणाच्या सुट्टीतले निळे शर्ट. मग थंडी पडते आणि कळतं.’ आयएमटीतली दहा-पंधरा मराठी घरं मिळून दीड दिवसाचा गणपती बसवतात. मूर्ती दिल्लीहून आणतात आणि मोदकाची पिठी गावाकडून येते.

टेकड्यांतल्या जुन्या रहिवाशांनाही ही वसाहत अजून पुरती मान्य झालेली नाही. ऑक्टोबर २०१७त मारुतीच्या कारखान्यात पहाटे एक बिबट्या शिरला. इंजिनं जिथे तयार होतात त्या भागात तो दडून बसला, आत यायला निघालेल्या पाळीला बाहेरच थांबवावं लागलं आणि बेशुद्धीचं इंजेक्शन देऊन त्याला धरायला दीड दिवस लागला. ‘त्याची जागा होती, बघायला आला असेल,’ असं गावात एक जण मला शांतपणे म्हणाला.

जुनं गाव महामार्गापासून पायी पाच-दहा मिनिटांवर आहे. बाबा भीष्मदासांचं मंदिर हे त्याचं मानाचं ठिकाण, गावचे मोठे निवाडे आणि सभा तिथे होतात. मंदिरापासून आत शिरलं की गल्ल्या अरुंद होत जातात. दोन्ही बाजूंना चार-चार मजली इमारती, प्रत्येक मजल्यावर एका रांगेत दहा-बारा दारं, प्रत्येक दाराआड एक खोली. इकडे तिला कमराच म्हणतात. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड इथून आलेली पोरं एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात. अलियर, ढाणा, नाहरपूर, बास, खोह, सगळ्या गावांची तीच कथा. शेती गेली आणि भाडं आलं. ज्याच्या अंगणात म्हशी होत्या त्याच्या अंगणात आता पाण्याची मोटर, मीटरांची फळी आणि भाडेकरूंच्या मोटारसायकली आहेत. तरी एखाद्या घरामागे गोवऱ्यांचं नीट सारवलेलं बिटोडं अजून दिसतं आणि शेजारी एखादी म्हैसही असते. बिल्डरला हे बहुधा आवडत नसावं.

या गल्लीतच मला एक खाट विणणारे ताऊ भेटले. ताऊ म्हणजे इकडे थोरले काका. लेख गावाचा लिहायचा आणि निम्मा वेळ एका माणसापाशी घालवायचा, ही माझी खोड जुनी आहे. ताऊ सत्तरीच्या पुढचे. डोक्याला पांढरा पटका, हाताशी हुक्का, समोर उलटी टाकलेली खाटेची चौकट. मी उभाच होतो, तर म्हणाले, ‘खाट पै बैठ ज्या भाई, खड़्या क्यूं सै?’ मी जवळच्या टोकाला बसायला गेलो. तो पायथा निघाला. पाहुण्याने उशाकडे बसायचं आणि घरातल्या लहानाने पायथ्याकडे, हा इकडचा शिरस्ता. त्यांनी हाताला धरून मला सरकवलं.

खाट विणायची ती मुंजाच्या दोरीने. इकडे तिला बाण म्हणतात. बांधावर, ओढ्याकाठी उंच सरकंडा वाढतो, त्याच्या पात्यांचे सोट, म्हणजेच मुंज, सोलून काढायचे, भिजवायचे, लाकडी मोगरीने कुटायचे आणि तळहातावर पीळ देत दोरी वळायची. ताऊंच्या उजव्या तळहातावर या पिळाचा एक गुळगुळीत पट्टा पडला आहे, त्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. विणताना दोरीची गुंडी डाव्या हातात, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं. चार दोऱ्या वर, चार खाली, मग कोपऱ्याकडून पुन्हा उलट. प्रत्येक फेरीनंतर ते विणीवर बोटाने टिचकी मारत होते. आवाज बद्द आला की पुन्हा ताण. पायथ्याच्या बाजूला हातभर जागा मोकळी सोडून तिथे दावण, म्हणजे ताणाची दोरी, घालतात. खाट सैल पडली की तीच आवळायची, सगळं उसवावं लागत नाही. नवी खाट पहिला महिना अंगाला टोचते, मग मऊ होते. उन्हाळ्यात संध्याकाळी तिच्यावर पाणी शिंपडून अंगणात टाकली की कूलर लागत नाही, असा ताऊंचा दावा. मी गेलो ते दिवस थंडीचे होते, त्यामुळे दावा तपासता आला नाही.

सरकंडा आता कुठून आणता, असं विचारल्यावर त्यांनी आयएमटीच्या दिशेने हुक्क्याची नळी दाखवली. तिथेच वाढायचा. आता मुंज लांबून येतो, महाग पडतो आणि मुंजाची खाट मागणारं घरही वर्षात एखादंच. मग धंदा कशावर? ताऊंनी कोपऱ्यातलं पोतं ओढलं. आत निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. कारखान्यांत येणाऱ्या खोक्यांना आवळलेली असते ती पट्टी. भंगारवाला किलोवर देतो. ताऊ तिचे तुकडे जोडतात आणि लोखंडी नळ्यांच्या ‘फोल्डिंग’वर विणतात. गिऱ्हाईक म्हणजे खोल्यांचे मालक. एका फोल्डिंगवर दिवसपाळीवाला रात्री झोपतो आणि रातपाळीवाला दिवसा. खाट कधी थंड होतच नाही, म्हणून ती लवकर झोळते आणि म्हणूनच ताऊंना काम मिळतं. जर्मन की जपानी यंत्राला आवळून आलेली पट्टी समस्तीपूरच्या पोराच्या पाठीखाली जाते, आणि मध्ये उभा असतो मानेसरचा हा म्हातारा. आदर्श औद्योगिक वसाहतीचा एवढा नेमका हिशेब मला कुठल्या सरकारी पुस्तिकेत सापडला नसता.

ताऊंची जमीन? साडेतीन एकर होती, पहिल्याच संपादनात गेली. पैसे आले, घर बांधलं, एका मुलाने गाडी घेतली, दुसऱ्याने खोल्या बांधल्या. ‘बुरा ना हुया,’ म्हणाले. वाईट झालं नाही. मग थोडं थांबून म्हणाले, ज्यांची राहिली होती त्यांचं वाईट झालं.

ती हकीकत खरोखरच वाचण्याजोगी आहे. २००४च्या ऑगस्टमध्ये मानेसर, नौरंगपूर आणि लखनौला या गावांतल्या ९१२ एकरांच्या संपादनाची अधिसूचना निघाली. सरकार मातीमोलाने घेणार या धास्तीने शेतकऱ्यांनी बिल्डरांना जमिनी विकल्या. जमिनी हातातून गेल्यावर २००७च्या ऑगस्टमध्ये सरकारने संपादनच मागे घेतलं. ज्या भीतीपोटी विकलं ती भीती संपली आणि भाव वर गेले. मार्च २०१८त सर्वोच्च न्यायालयाने हा माघारीचा निर्णय म्हणजे अधिकाराचा कपटाने केलेला वापर असल्याचं सांगून तो रद्द ठरवला. शेजारच्या कासन, कुकडोला आणि सहरावनच्या १,८१० एकरांचं प्रकरण २०११त सुरू झालं, ते २०२२तही तिथले शेतकरी मोबदल्यासाठी धरणं धरून होते. आपल्याकडे समृद्धी महामार्गाच्या वेळी आणि पुरंदर विमानतळाच्या निमित्ताने जे बोललं गेलं, तेच शब्द इथे हरयाणवीत ऐकू येतात.

डिसेंबर २०२०त मानेसर महानगरपालिका झाली, २९ गावं मिळून. पहिली निवडणूक व्हायला मार्च २०२५ उजाडलं. अपक्ष उभ्या राहिलेल्या डॉ. इंद्रजीत कौर यादव पहिल्या महापौर झाल्या. देशाच्या मोटारी जिथे बनतात त्या गावात पावसाळ्यात पाणी साचतं, गटार वर येतं आणि कामगार चिखलात चप्पल हातात घेऊन कारखान्याच्या फाटकाशी जातात, हे मला तीन वेगवेगळ्या माणसांनी सांगितलं. जोहड, म्हणजे गावतळं, जिथे पूर्वी ते पाणी जाऊन थांबायचं, ते बऱ्याच गावांत बुजलं आहे. एवढा कर भरणाऱ्या टापूत एक धड गावतळं राखता येऊ नये याला सबब नाही. माणसांसाठी इथवर मेट्रो अजून नाही. मोटारींसाठी मात्र जून २०२५त मारुतीच्या आवारातच रेल्वेची साइडिंग सुरू झाली आहे. वर्षाला साडेचार लाख गाड्या तिथून चढवता येतील एवढी तिची ताकद. गाड्या रेल्वेने जातात, कामगार टपावर बसून जातात.

भवतालाबद्दल थोडं. पाचगावपाशी कुंडली-मानेसर-पलवल द्रुतगती मार्ग जयपूर महामार्गाला छेदतो. तिथून पुढे बिलासपूरहून तावडूकडे वळलं की हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम लागतं. २०१३ साली सुरू झालेलं हे खासगी संग्रहालय बैलगाडीपासून विमानापर्यंत सगळं मांडतं, आणि रंगवलेल्या ट्रकांसाठी तर मुद्दाम जावं. उलट दिशेला फर्रुखनगरच्या वाटेवर सुलतानपूरची पाणथळ आहे, हिवाळी पाहुण्या पक्ष्यांची. २०२१ साली तिला रामसर दर्जा मिळाला. मानेसरच्या मालकीचं असं संग्रहालय मात्र नाही. हरयाणाची ही मोटारगिरी कशी घडली, जमीन कुणी दिली, २००५च्या होंडातल्या संपात आणि २०१२च्या मारुतीतल्या दंगलीत काय झालं, हे सांगणारी एक खोलीही नाही. महापालिकेने एका जुन्या चौपालात, म्हणजे गावच्या चावडीत, तेवढी सोय केली तर खर्च एका चौकातल्या कारंज्याहून जास्त येणार नाही.

दिल्ली-जयपूर करणाऱ्या मराठी मंडळींनी मानेसरला ढाब्यापुरतं थांबू नये, तासभर आत गावात जावं. एनएसजीचं आवार बाहेरूनच बघायचं, तिथे फोटो काढू नयेत. तावडूचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. सुलतानपूरला जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत, सकाळी लवकर. आणि मुंजाची खाट हवी असेल तर आठ दिवस आधी सांगावं लागतं. निम्मे पैसे ताऊ आगाऊ घेतात.