खड्यापासून शुगरपर्यंत

शिरोळ तालुक्यात ‘शुगर’ हा शब्द दोन ठिकाणी हमखास भेटतो: कारखान्याच्या पाटीवर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत. शिरोळचा श्री दत्त सहकारी, म्हणून त्याच्या नावात ‘साखर कारखाना’. टाकळीवाडीचा गुरुदत्त खाजगी, तो ‘शुगर्स’. उसाच्या पट्ट्यात अशी वाटणी बऱ्याच ठिकाणी आढळते. घरातही तेच. चहात पडते ती साखर, रक्तात वाढते ती शुगर. शब्द दोन झाले, तरी मूळ एकच आहे आणि ते याच देशातले आहे.

संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे खडे, कंकर, भरड वाळू. गोडीशी त्याचा मूळचा संबंध नाही. सुश्रुतसंहितेत मूतखड्याच्या विकारात लघवीवाटे पडणाऱ्या बारीक कणांनाही शर्कराच म्हटले आहे. उसाचा रस आटवून त्याचे खडे करण्याची कला भारतात साधली आणि त्या खड्यांना दिसण्यावरून हे नाव मिळाले. प्राकृतात शर्करेची ‘सक्करा’ झाली, मराठीत ‘साखर’, शेजारच्या कन्नडमध्ये ‘सक्करे’. गुळाचेही तसेच: ‘गुड’ म्हणजे गोळा. दोन्ही नावे चवीवरून नव्हे, आकारावरून पडली आहेत.

हे नाव किती नेमके आहे, ते कारखान्यात पाक आटवण्याच्या पॅनजवळ उभे राहिल्यावर कळते. पॅनमध्ये पाक घट्ट होत असताना पॅनमन थोडा नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो आणि उजेडासमोर धरून दाणा बघतो. दाणा हवा तेवढा मोठा आणि एकसारखा झाला, की पॅन उतरवायचा. पुढे गरगर फिरणाऱ्या यंत्रात मळी बाहेर फेकली जाते आणि दाणा मागे राहतो. साखर करणे म्हणजे मुळात दाणा धरणे. गुऱ्हाळातला गुळव्या काईल उतरवतो तो वेगळ्या हिशेबाने. त्याला मळी वेगळी काढायची नसते. सगळा पाक थिजून त्याची ढेप व्हायला हवी असते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ‘साक्खारी’ नावाचा, वेतातून निघणारा मध भडोचकडून जहाजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात असल्याची नोंद आहे. त्याच काळातल्या ग्रीक-रोमन लेखकांना हा पदार्थ औषध म्हणून माहीत होता. लॅटिनमधला ‘साक्करम’ त्यातूनच आला. उसाच्या शास्त्रीय नावात तो आजही आहे, आणि 1879 मध्ये सापडलेल्या सॅकरिनच्या नावातही.

इंग्रजीतला शब्द मात्र दुसऱ्या वाटेने गेला. इराणात शर्करेचा ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’. अरबांनी ऊस भूमध्य समुद्राकाठी सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला आणि त्याबरोबर शब्दही पोचला. स्पॅनिशमध्ये तर अरबी उपपद ‘अल’ त्याला चिकटून ‘अझुकार’ झाले. इटालियन ‘झुक्केरो’, फ्रेंच ‘सुक्र’ आणि तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजी ‘शुगर’. अरबीत हरवलेला ‘श’ इंग्रजीत पुन्हा ऐकू येतो, पण तो संस्कृताचा वारसा नाही. ‘स’नंतर ‘यु’ आला की इंग्रजी उच्चारात काही शब्दांत त्याचा ‘श’ झाला. ‘शुअर’ हा शब्दही असाच घडला. योगायोगच, पण मोठा सुंदर.

उसाच्याच गोडीचे आणखी दोन शब्द इंग्रजीत गेले. ‘कँडी’ आली ‘खंड’, म्हणजे तुकडा, या शब्दावरून. फारसी-अरबीत त्याचे ‘कंद’ झाले होते. आपल्या खांडसरीतही तोच खंड आहे. गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणतात, ते पोर्तुगीजांमुळे. दक्षिणेत शर्करेचे जे ‘चक्करा’सारखे रूप होते, त्याचे त्यांनी ‘जागरा’ केले. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे इंग्रजी नाव ‘कोल्हापूर जॅगरी’. म्हणजे तिथे गुळाला नाव लागले ते साखरेचे!

इंग्रजीत शब्दाचा अर्थही पसरत गेला. लाडाने हाक मारायला ‘शुगर’, कडू गोष्ट गोड करून सांगण्यालाही तेच क्रियापद. शिशाच्या एका विषारी क्षाराला, तो गोड लागतो म्हणून, ‘शुगर ऑफ लेड’ म्हणत. रसायनशास्त्राने तर ते एका पदार्थाचे नाव न ठेवता अख्ख्या गटाचे केले: फळातली फ्रुक्टोज, दुधातली लॅक्टोज, रक्तातली ग्लुकोज, सगळ्या शुगरच. पोत्यातली साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या एका रेणूत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडलेले असतात.

प्रयोगशाळेच्या कागदावर ‘शुगर’ लिहिलेली असते ती ग्लुकोज. ‘साखर पूर्ण सोडली, तरी शुगर कशी वाढली?’ असे रुग्ण कळवळून विचारतात, तेव्हा घोळ या दोन अर्थांचा असतो. भाकरी, भात, बटाटा यांतल्या पिठूळ पदार्थाचे पचनात ग्लुकोजच होते. डबीतली साखर बंद केली, तरी ताटातून रक्तात जाणारी शुगर चालूच राहते.